समोर तडा, मागे बुरशी: दिवाणखान्यातल्या खणांच्या कपाटाचं प्रकरण

दमट हवेच्या प्रदेशातलं जुनं राहतं घर, आता संग्रहालय. तळमजल्यावरचा दिवाणखाना ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद, छत साडेचार मीटर उंच, भिंती जाड आणि चुन्याच्या. सामान घरच्यांच्या काळातलंच: संगमरवरी माथ्याचं चार खणांचं कपाट, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या, सोनेरी चौकटीचा मोठा आरसा, लंबकाचं घड्याळ, जमिनीवर लोकरी गालिचा. शंभरेक वर्षं ही खोली खिडक्या-दारांच्या वाऱ्यावरच जगली. मग पाहुण्यांच्या सोयीसाठी प्रत्येकी दोन टनाचे दोन स्प्लिट एसी बसले. ते २२ अंशांवर लावायचे, सकाळी नऊला चालू आणि संध्याकाळी सहाला बंद, असा शिरस्ता पडला.

प्रकरण नमुन्याचं आहे. वेगवेगळ्या वास्तूंत सुटे सुटे दिसणारे बिघाड इथे एका खोलीत, मुख्यतः एका कपाटाभोवती मांडले आहेत, म्हणजे कारणांची साखळी सलग दिसते. घरातली मोजमापं त्या रचनेचा भाग आहेत. लाकडाचा आणि हवेचा हिशोब मात्र कुठल्याही घरात असाच लागतो.

तीन-साडेतीन महिन्यांत कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खालून उभे तडे गेले. उजवीकडचा ३८ सेंटिमीटर लांब, खाली ३ मिलिमीटर रुंद. खणांच्या तोंडावरचं शिसवीचं व्हेनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, दोन जागी फुगलं, एका कोपऱ्यात उचकटलं. पावसाळ्यात घट्ट बसणारे खण आता खडखडायला लागले, आणि खालच्या खणाचा तळ मधोमध चिरला. इथपर्यंत कुणीही सांगेल, की एसीने लाकूड सुकवलं. पण साफसफाईसाठी कपाट पुढे ओढलं तेव्हा मागच्या कच्च्या फळ्यांवर हाताएवढे करडे-हिरवे डाग होते, तसेच त्यांच्यामागच्या भिंतीवरही. सुकलेल्या कपाटाला बुरशी कशी? घोळ इथून सुरू झाला. निम्म्या लोकांचं म्हणणं खोली फार कोरडी आहे, निम्म्यांचं फार दमट. दोघांचंही बरोबर होतं.

पहिली दुरुस्ती, जिने काम वाढवलं

घाईने सुतार बोलावला गेला. त्याने डाव्या बाजूच्या तड्यात लाकडाचा भुसा कालवून पांढरा सिंथेटिक गोंद भरला, वरून घासून रंग जुळवला. घरच्या टेबलाला हे ठीक आहे. पण पुढच्या पावसात एसी दहा-बारा दिवस नादुरुस्त राहिले, फळी पुन्हा फुगली, आणि तड्यात भरलेला घट्ट गोळा तसूभरही हलेना. दोन्ही कडांचं लाकूड त्या गोळ्यावर चेपलं गेलं. एसी सुरू झाल्यावर फळी परत आकसली, तेव्हा भरलेला तडा शाबूत राहिला आणि त्याच्यापासून दोन सेंटिमीटरवर नवा गेला. शिवाय सुकलेला पांढरा गोंद काढायला ॲसिटोन लागतं, आणि ॲसिटोन शेजारच्या लाखेच्या पॉलिशला सोडत नाही. शेवटी तो गोंद भिंगाखाली स्काल्पेलने कण कण करून काढावा लागला.

लाकूड अजून हलत असताना तडा भरू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो मोडतो कारण तडा पाहुण्यांना दिसतो आणि हवा दिसत नाही.

तपासणी

कपाट हलवण्याचंही तंत्र आहे. आधी खण काढायचे आणि प्रत्येकाला सुती पट्टीने चिठ्ठी बांधायची. चिकटपट्टी पॉलिशवर लावायची नाही, निघताना ती पॉलिश घेऊन निघते. माथ्याचा संगमरवर ११० बाय ५५ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण ३३ किलो. दोघांनी तो आधी कडेवर उभा करायचा आणि उभाच न्यायचा. आडवा धरून नेला तर स्वतःच्याच वजनाने मधे मोडू शकतो, विशेषतः आत शिरा असतील तिथे. मग कपाट खालच्या भक्कम चौकटीला धरून उचलायचं. कड्या, माथ्याची पट्टी, नक्षी यांना हात नाही, आणि ओढणं तर नाहीच. ओढताना मागचे पाय निखळतात.

तडे जुने की नवे, हे विजेरी अगदी तिरकी धरून आणि भिंग लावून बघितलं. नव्या तड्याच्या आतल्या कडा उजळ, कोऱ्या लाकडाच्या, तंतू अजून ताजे. जुन्या तड्यात मेण, धूळ, पॉलिशचा काळसर थर गेलेला असतो. उजव्या फळीच्या वरच्या भागात तसा एक जुना, केसाएवढा तडा सापडला. तो कित्येक वर्षं जागच्या जागी होता. नव्याची रुंदी तीन ठिकाणी फीलर गेजने, म्हणजे फटीत घालून मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजली आणि मोजपट्टी ठेवून फोटो काढले. दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळेला मोजायचं ठरलं. वेळ महत्त्वाची आहे: सकाळचं माप आणि संध्याकाळचं माप यांची तुलना केली तर भलतंच अनुमान निघतं.

व्हेनियर कुठे सुटलंय ते डोळ्यापेक्षा कानाला आधी कळतं. नखाने हलकं टिचकत गेलं की सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो. असे सगळे पोकळ भाग कागदावरच्या आकृतीत भरले. कपाटावर पेन्सिलची रेघ नाही. दिसत होते तीन, निघाले अकरा.

हवेसाठी पाच डेटा लॉगर, दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि सापेक्ष आर्द्रता नोंदवणारे. एक खोलीच्या मध्यावर, एक कपाटाच्या मागे भिंतीलगत, एक बंद खणात, एक एसीच्या झोतात, एक बाहेर व्हरांड्यात सावलीत. लावण्याआधी सगळे तपासून घेतले. साधं मीठ थोड्या पाण्यात कालवून त्याचा ओलसर लगदा एका हवाबंद डब्यात ठेवायचा. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. त्या डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. लॉगर त्या डब्यात, मिठाला न टेकता, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी किती दाखवतो ते बघायचं. पाचपैकी एक ८१ दाखवत होता. तोच कपाटामागे लागला असता तर पुढचा सगळा तर्क चुकला असता.

नोंदींत काय दिसलं

बाहेर पावसाळी दिवसांत ३० अंश, आर्द्रता ७५ टक्के. खोलीच्या मध्यावर दुपारी २२ अंश आणि ५० टक्के. सहाला एसी बंद झाले की आर्द्रतेची रेघ चढायला लागते, मध्यरात्रीपर्यंत ७५ च्या पुढे. सकाळी नऊला पुन्हा कड्यावरून उडी. रोज हेच. दिवसाही ती सरळ नव्हती, करवतीच्या दात्यांसारखी होती: हवं तितकं गार झालं की कॉम्प्रेसर थांबतो पण पंखा चालूच राहतो, आणि थंड कॉइलवर जमलेलं पाणी परत खोलीत उडतं. एसी गारवा मोजतो, ओलावा मोजत नाही. त्यामुळे ढगाळ, गारसर दिवशी तो कमी चालतो आणि खोली नेमकी तेव्हाच दमट राहते.

खणातली रेघ वेगळीच. रोजच्या उड्या तिथे जवळपास पोचतच नव्हत्या. ती तीन महिन्यांत ७२ वरून सावकाश ५८ वर उतरली होती. हे दोन वेग लक्षात घेतले की कपाटाचे दोन वेगळे आजार वेगळे दिसतात. पातळ थर, म्हणजे व्हेनियर, पॉलिश, सोनेरी चौकटीचा लेप, काही तासांत हवेला उत्तर देतात. त्यांना रोजची उडी मारते. जाड फळीला आठवडे लागतात. तिला मारते ती महिनोनमहिने झालेली घसरण. एकाच उपायाने दोन्ही जात नाहीत.

फळी का फाटली

७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरलेलं लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी धरून असतं; ५० टक्क्यांच्या हवेत ते ९ वर येतं. सागवानाच्या आडव्या कापाच्या फळीची रुंदी ओलाव्याच्या प्रत्येक एका टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के बदलते. कपाटाची बाजू सागाची, ५० सेंटिमीटर रुंद. म्हणजे पाच टक्के ओलावा गेला तर ५०० × ०.००१९ × ५, जवळजवळ पावणेपाच मिलिमीटर. लांबीत मात्र फरक नगण्य. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळपास हलतच नाही.

मोकळी फळी पावणेपाच मिलिमीटर आकसली असती तर कुणाला कळलंही नसतं. ही मोकळी नव्हती. खण ज्यावर सरकतात ते रनर, दोन्ही बाजूंना चार-चार, फळीच्या आतून सरसाने चिकटवून वर खिळे मारलेले. फळीचे तंतू उभे, रनरचे आडवे. फळी रुंदीत आकसू पाहते, रनर लांबीत हलत नाही, आणि खिळे सोडत नाहीत. मग लाकूड सर्वांत कमजोर जागी, खालच्या मोकळ्या टोकाकडून, तंतूंच्या रेषेत फाटतं. करणाऱ्याचा दोष म्हणावा तर तोही नाही; उघड्या खिडक्यांच्या घरात ही रचना शंभर वर्षं टिकली होती.

त्यात आणखी एक भर. प्रत्येक पावसाळ्यात फुगू पाहणारी फळी रनरनी अडवलेली, त्यामुळे तंतू आतल्या आत चेपले गेलेले. असं चेपलेलं लाकूड सुकताना मूळ मापापेक्षाही कमी भरतं. म्हणूनच जुन्या लाकडाला पाठ्यपुस्तकातला 'आदर्श' ५० टक्क्यांचा आकडा लावताना जपावं लागतं. दुसऱ्या हवेत वाढलेल्या लाकडासाठी तो आकडा बरोबर असेल. या कपाटासाठी तो दुष्काळ आहे.

व्हेनियरचं गणित याच्याच जातीचं, फक्त पातळ. जुनं व्हेनियर करवतीने काढलेलं, एक ते दोन मिलिमीटर जाड. तोंडावर उभं लावलेलं, खालच्या फळीचे तंतू आडवे. दोघं काटकोनात हलतात, मधला सरस रोज ताणला जातो. सरसालाही हवा लागते: फार कोरड्यात तो ठिसूळ होऊन तडकतो, दमटात मऊ पडून सोडतो.

आणि मागची बुरशी

३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली गार झालं की हवेतलं बाष्प पाणी होऊन बसतं ते तापमान, सुमारे २५ अंश. खोलीतलं प्रत्येक सामान दिवसभर २२ अंशांना गार झालेलं. एका एसीचा झोत कपाटामागच्या भिंतीवरूनच खाली उतरत होता, तिथे भिंत २० ते २१. सहाला पाहुणे गेले की सफाईवाले "जरा हवा खेळू दे" म्हणून खिडक्या उघडायचे. २५ अंशांचा दवबिंदू असलेली हवा २२ अंशांच्या संगमरवरावर आली की त्यावर दव धरणारच. माथ्यावर सकाळी दिसणारे गोल डाग फुलदाणीच्या पाण्याचे मानले जात होते. फुलदाणी तिथे ठेवणं बंद करूनही ते आलेच.

आकड्यांत सांगायचं तर बाहेरच्या त्या हवेच्या घनमीटरमध्ये जवळजवळ २३ ग्रॅम पाणी असतं, खोलीतल्या दुपारच्या हवेत १० च्या आसपास. खोली २४३ घनमीटर. एकदा सगळी हवा बदलली की तीन लिटरहून जास्त पाणी आत. पाहुण्यांचा वाटा त्यापुढे लहान: शांत बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम बाष्प सोडतो, म्हणजे वीस माणसं एका तासात एक लिटर. दोष पाहुण्यांवर ढकलायची सवय आहे, पण या खोलीत एक खिडकी त्यांच्यापेक्षा भारी होती.

कपाट भिंतीपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. मागे हवा फिरतच नाही, भिंत गार, अंधार, कच्च्या फळ्यांवर वर्षांची धूळ. तिथल्या लॉगरने रात्रभर ८० ते ८८ टक्के दाखवले. बुरशीला ७५ च्या वर काही आठवडे पुरतात, ९० च्या आसपास काही दिवस. दिवसा खोली कोरडी असते याचा तिला काही फरक पडला नाही, कारण भिंतीलगत दिवसाही आकडा ६५ च्या खाली क्वचितच गेला.

आधी हवा, मग सुतारकाम

फक्त सामानाला विचारलं असतं तर एसी काढून टाकणं आणि खिडक्यांना जाळ्या लावून पंखे फिरवणं हा सरळ मार्ग होता. व्यवस्थापनाला पाहुण्यांची सोय सोडायची नव्हती, तेव्हा तडजोड झाली. ती अशी.

एसी २२ वरून २६ अंशांवर, जोडीला छताचे पंखे सावकाश. कपाटामागे उतरणारा झोत पट्ट्या वळवून खोलीच्या मध्याकडे. रात्री एसीऐवजी आर्द्रतेवर चालू-बंद होणारं डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र, ६५ टक्क्यांवर लावलेलं. त्याची पाण्याची टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि सुट्टीच्या दिवशी नेमकं हेच होतं. म्हणून नळीने थेट मोरीत निचरा. नळीला सतत उतार हवा, मधे झोळ पडला की पाणी अडतं. खिडक्यांसाठी भिंतीवर दोन आकडे लिहिण्याची फळी: बाहेरचा दवबिंदू आणि भिंतीचं तापमान. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर खिडकी उघडायची नाही. सफाई कामगारांना कारणासकट समजावलं, आणि त्यानंतर फळी रोज भरली गेली. नुसत्या "खिडक्या उघडू नयेत" या पाटीचा उपयोग आठवडाभर टिकतो.

लक्ष्य म्हणून ५८ ते ६८ टक्के धरले. युरोपीय मानक ईएन १५७५७, २०१० सालचं, नेमकं हेच सुचवतं: वस्तू ज्या हवेत दीर्घकाळ नांदली ती हवा आधार धरा, तीस दिवसांच्या सरत्या सरासरीभोवती चढउतार किती होते ते बघा, आणि त्यातले टोकाचे झटके तेवढे छाटा. त्यासाठी किमान वर्षभराच्या नोंदी लागतात. इथे एसीच्या आधीच्या नोंदी नव्हत्याच, म्हणून घरातल्याच एसी नसलेल्या, तशाच भिंतींच्या खोलीत लॉगर लावून अंदाज बांधला. एसी बसवण्याआधी साधासा का होईना, एक लॉगर वर्षभर लटकवलेला असता तर हे सगळं टळलं असतं.

५० वरून ६० च्या पुढे एकदम जायचं नाही. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त चढ नाही, म्हणजे दीड-दोन महिने. सुकलेल्या लाकडाला झटकन दमट केलं तर आधी पृष्ठभाग फुगतो, आतला भाग नाही, आणि सुटलेलं व्हेनियर आणखी उचलतं. कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे, पायांखाली मेण न लावलेले लाकडी ठोकळे.

बुरशी

बुरशी पहिल्या दिवशीच काढली. तिच्यासाठी थांबता येत नाही. एन-९५ मुखपट्टी, नायट्राइल हातमोजे, चष्मा. आधी एसी आणि पंखे बंद, नाहीतर बीजाणू खोलीभर. कपाट हलवण्याआधीच हेपा गाळणीच्या (बीजाणूही अडवणाऱ्या बारीक गाळणीच्या) व्हॅक्यूमने मऊ ब्रश लावून डाग ओढून घेतले. ओल्या फडक्याने पुसलं असतं तर ते तंतूंत रगडले गेले असते. मग कच्च्या फळ्यांवर ७० टक्के इथेनॉल फडक्याने, फवारा नाही. ब्लीच वापरायचं नाही: लाकडाचा रंग जातो, क्षार मागे राहतात, ओलावा धरतात.

इथे एक सीमा पाळायचीच. इथेनॉल फक्त मागच्या पॉलिश नसलेल्या फळ्यांवर. पुढच्या बाजूंचं पॉलिश लाखेचं, आणि लाख विरघळवून पॉलिश करायला स्पिरिटच वापरतात. ओल्या बोळ्याचा एक थेंब काठावरून पुढे ओघळला तर तिथलं शंभर वर्षांचं पॉलिश मऊ होऊन बोटाला येतं.

व्हेनियर

खोली ६० ला स्थिरावल्यावर व्हेनियर हाती घेतलं. सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांचा तोच जुना गोंद, आणि तोच का याला कारण आहे: तो गरम ओलाव्याने पुन्हा सुटतो, आणि खाली उरलेल्या जुन्या सरसाशी एकजीव होतो. दाणेदार सरस एक भाग, पाणी दोन भाग, वजनाने. रात्रभर भिजवून सकाळी दुहेरी भांड्यात ५५ ते ६० अंशांवर वितळवायचा. उकळू द्यायचा नाही, ६५ च्या पुढे फार वेळ राहिला की त्याची पकड जाते. रोज ताजा, दोन-तीन वेळा गरम केलेला टाकून द्यायचा.

फुगलेल्या जागी धारदार पात्याने तंतूंच्या रेषेतच बारीक चीर, आडवी कधीच नाही. कोमट पाण्याचे दोन-तीन थेंब सिरिंजने आत, पाच मिनिटं थांबायचं, जुना सरस मऊ होतो. मग सरस. सरस आतपर्यंत पोचलाय हे बोटाने ढकलत चिरेतून परत बाहेर येईपर्यंत बघायचं. वरचा जास्तीचा सरस ओलसर, पिळून काढलेल्या कापसाने लगेच टिपायचा. त्यावर सिलिकॉन लावलेला कागद, कागदावर सपाट लाकडी ठोकळा, मधे पातळ फेल्ट, मग क्लॅम्प. दाब इतकाच की कडेने सरसाची बारीक रेघ उमटावी. फार आवळलं की सगळा सरस निघून सांधा उपाशी राहतो, आणि लाखेच्या पॉलिशवर फेल्टचा ठसा उमटतो. चोवीस तास तसंच.

अकरापैकी आठ बसले. तीन ठिकाणी खाली आधीच्या दुरुस्तीतला सिंथेटिक गोंद होता, त्यावर सरस धरत नाही. त्या तीन जागा न उघडता नुसत्या नोंदवून सोडल्या. पोकळ आहेत, पण सपाट आहेत.

तडा

खरा उपाय फळीत नव्हता, रनरमध्ये होता. प्रत्येक रनरचा पुढचा सहा सेंटिमीटर भाग चिकटलेलाच ठेवला, कारण खणाची तोंडं त्याच्याशी जुळतात. मागचा भाग कोमट ओलाव्याने सैल केला. दोन खिळे उपटले असते तर फळीच फुटली असती. त्यांची मान रनर आणि फळीमधल्या फटीतून पातळ पात्याच्या करवतीने कापली, तुकडे जागेवरच राहू दिले. रनरच्या मागच्या टोकाला एक छोटी ठोकळी, तिच्यावर तो नुसता टेकतो आणि सरकू शकतो. फळी आता मागच्या बाजूने मोकळेपणी हलते. मूळ वस्तूत केलेला हा बदल आहे, म्हणून फोटो, माप, तारीख सगळं नोंदवहीत. ठोकळीवर पेन्सिलीने वर्ष.

खणाचा चिरलेला तळ तर याहून साधा: तो खाचेत मोकळा सरकायला हवा, पण कधीतरी कुणीतरी कडेने गोंद घातला होता. गोंद सोडवला, तळ मागून पुढे सरकवला, दोन्ही तुकडे सरसाने जोडले, मागे एकच स्क्रू लांबट भोकातून.

तडा भरला नाही. पंधरवड्याच्या मोजमापांत उजव्या बाजूचा ३ मिलिमीटरचा तडा पावसाळ्याअखेर १.२ वर आला. नव्या पट्ट्यातही लाकडाचा ओलावा दीड-दोन टक्क्यांनी खालीवर होणार, म्हणजे तडा दरवर्षी दीड मिलिमीटरच्या आसपास उघडणार आणि मिटणार. त्यात काहीही घट्ट घातलं की डाव्या बाजूची गोष्ट पुन्हा. आतून गडद तपकिरी, आम्लविरहित पुठ्ठ्याची पट्टी नुसती अडकवली आहे, फटीतून उजेड येऊ नये म्हणून. पाहुण्यांच्या अंतरावरून आता तो रेघेसारखा दिसतो. दोन पूर्ण वर्षांची मापं हाती आल्यावर, आणि कमाल-किमान स्थिर असतील तरच, एका कडेला चिकटवलेली सागाची चीप घालायचा विचार करता येईल. दुसरी कड मोकळी.

बाकीचं सामान

आरशाच्या चौकटीचे कोपरे उघडले होते आणि खडू-सरसाच्या लेपाला बारीक भेगा. सुटू पाहणारे पापुद्रे पातळ सरसाने जागच्या जागी टेकवले. तिथे सक्त ताकीद एकच: ओलं फडकं नको. पाण्याने बसवलेला सोन्याचा वर्ख पाण्यानेच निघतो, आणि एकदा वर्खाखालची तांबडी माती दिसायला लागली की परतीचा रस्ता नाही. कोरडा, मऊ, बकरीच्या केसांचा ब्रश, तोही वर्षातून एकदा.

वेताच्या खुर्च्यांना हवा सुधारल्यावर वेगळं काही करावं लागलं नाही. घड्याळाचा लंबक झोतात डुलत होता, झोत वळल्यावर वेळ नीट राहू लागली. गालिच्याचा कपाटाखालचा भाग उलटून पाहिला तेव्हा कसरीने कुरतडलेली दोन टाचेएवढी जागा आणि रिकामे कोष दिसले: तेच कारण, न हललेली, अंधारी, दमट जागा. गालिचा पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवला. बाहेर काढल्यावर चोवीस तास पॉलिथिन उघडायचं नाही, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. आता तो दर तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम होतो, आणि कपाटाखाली चिकट सापळा आहे.

कपाटामागचा लॉगर तिथेच ठेवला आहे. सलग तीन रात्री ७५ च्या वर गेल्यास कपाट पुढे घेऊन मागची पाहणी, मध्यावरच्या लॉगरची आठवड्याची सरासरी ५५ च्या खाली गेल्यास एसीच्या सेटिंगची तपासणी, अशा दोन सूचना नोंदवहीच्या पहिल्या पानावर आहेत. दर सहा महिन्यांनी पाचही लॉगर मिठाच्या डब्यात जाऊन येतात.